गाठीला

पडद्यावर दोघं दिसत होती.
एक हलत होतं.
दुसरं कण्याच्या पुढ्यात, डाव्या अंगाला,
नसांच्या जुडग्यात पसरलेलं, निवांत.
बाहेरगावहून आलेलं नव्हतं ते. इथलंच.

डॉक्टर इरियानं जेल पुसायला कागद दिला
आणि पाठमोरीच म्हणाली,
"बाळ छान वाढतंय.
गाठही वाढलीय. नऊ सेंटिमीटर होती, आता अकरा."
बाळ किती, मी विचारलं.
"जवळजवळ तेवढंच."

काढून का टाकत नाही,
हे मी विसाव्या वर्षीच विचारून चुकले होते.
आ कोरुन्याच्या त्या सर्जनला कुठून तरी कळलं होतं
की आई मालपिकाच्या धक्क्यावर जाळी सांधते.
खूश होऊन सांगायला लागला:
"समजा बाई, तुमच्या जाळ्यातली एक गाठ,
ती कापायला गेलं तर धागाच…"
आईनं त्याला मध्येच तोडलं.
"माझ्या जाळ्यातली एकूण एक गाठ मी मारलेली असते.
ही कोणी मारली ते सांगा."
तो चष्मा पुसत राहिला. मग हळूच म्हणाला,
सतरावं गुणसूत्र.
आईनं बाबांकडे पाहिलं नाही.
ते न पाहणं बाबांनी पाहिलं.

बाबांच्या पाठीवर, मानेवर, कपाळावर
वाटाण्याएवढ्या मऊ गाठी.
बंदरावरची पोरं त्यांना 'होडीचा तळ' म्हणायची.
ते हसायचे: जुनं लाकूड रे,
खाऱ्या पाण्यात राहिलं की काहीबाही चिकटणारच.
पण दर वसंतात होडी उलटी घालून
तळाचे शिंपले खरवडताना
त्यांचा हात एकदा तरी थांबायचा,
पात्यासकट.

मी चार वर्षांची असताना त्यांनी मला मांडीवर घेऊन
माझ्या पोटावरचे डाग दाखवले होते.
"बघ, सांडली. जास्त दूध घातलेली."
कितीतरी वर्षं मला वाटायचं,
सगळ्याच मुलींवर वडलांची कॉफी सांडते.

आता निम्मी शक्यता.
नाणं वर उडालंय, पाच महिने खाली यायचं नाही.
सुईनं पाणी काढून आधी कळू शकतं, इरिया म्हणाली.
मी नको म्हटलं. त्यात शौर्य वगैरे काही नाही,
सुई नको वाटली, इतकंच.
परतताना ब्राइसनं गाडीत रेडिओ लावला नाही.
कार्बाल्योपाशी थांबून अर्धा डझन संत्री घेतली,
आणि ती तशीच राहिली, डिकीत, आठवडाभर.

रात्री कुठल्याच कुशीवर झोपता येत नाही.
डाव्या पायात मुंग्या, मग आग, मग काहीच नाही.
गाठ बोलते ती अशी.
पोटातली प्रत्येक हालचाल मी तिच्याच नावावर टाकायचे,
आणि एका पहाटे टाकता येईना.
ही वेगळी होती.
आतून कोणी बोटानं काच पुसावी, तशी.
अंधारात दोघांची गाठ पडली असेल का तिथे,
बाबांच्या देण्याची आणि माझ्या देण्याची?
जागा करून देत असतील का एकमेकांना,
की नुसतेच शेजारी?

बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली.
होडी विकली, तिच्यात कर्ज फिटलं.
गाठीला फारसं नव्हतंच काही.
जे होतं ते मला मिळालंय.

आई पहिल्यांदा बाळ बघायला आली
तेव्हा बोटांना नायलॉनचा वास होता.
तिनं दुपटं सोडलं.
न बघता, अंधारात, चुकलेला फासा जिला सापडतो
ती खिडकीशी वाकून मोजायला लागली:
मांडी. काख. पाठ. पुन्हा मांडी.
सहा झाले की नाव मिळतं,
हे खोलीत सगळ्यांना ठाऊक.
पाचाला तिचं बोट थांबलं.
मग तिनं दुपटं वर ओढलं, नीट, हनुवटीपर्यंत.

"उजेड कमी आहे गं," म्हणाली.

खाली धक्क्यावर जाळी पसरलेली होती उन्हात.
दुपारचे बारा वाजले होते.