खटका

इनासचा चाकू उघडतो,
मिटत मात्र नाही.
खटका असा रुतून बसलाय
की दाबता दाबता अंगठ्यावर वळ.

वेंगुर्ल्याची हवाच खारी,
बिजागरीतसुद्धा मीठ धरतं.
खोबरेल घालून पाहिलं त्यानं,
पहाटेच्या गारठ्यात तेच आत थिजलं.

मग लेकीच्या दप्तरातली पेन्सिल.
शिसं घासलं खटक्याच्या तोंडावर,
उघड, मिट,
उघड, मिट,
मांडीवर फाटकं जाळं तसंच.

"जोर करू नको," ती म्हणाली,
"माझो कंपासय असोच होतो."

साठाव्या की सत्तराव्या खेपेला
टक.

त्यानं पुन्हा उघडला,
नुसता मिटताना ऐकायला.

पेन्सिल राहिली कानामागे,
होडीबरोबर समुद्रात गेली.
सोमवारी तिच्या वहीत
गणितं पेनानं.