मापाची वही

कुंबोत सोमवारी सगळं बंद.
कुणी सांगितलं, कधी सांगितलं, विचारायचं नाही.
बाजार बंद, शाळा तर चार वर्षं बंदच,
मोटारसायकली घरात, चादरीखाली.
मी मात्र सोमवारी मशीनला तेल घालते,
दुकानाची फळी एवढीच सरकवून
की उजेड आत यावा, माणूस येऊ नये.

मे महिन्यात तरी आला एक.
शिपाई. पोरगाच, दक्षिणेकडचा,
हेल्मेटखाली घाम, काखेत झेंडा:
हिरवा, लाल, पिवळा, मधे तारा,
वाऱ्यानं टोकाकडून उसवलेला.
त्याला इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच नको.
दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडली त्यानं: वीस.
वीस तारखेला संचलन, मंचावर मोठे साहेब.
मी मान हलवली.
शिंपिणीची मान कापडाला हो म्हणते,
रंगाला नाही.

त्याच रात्री मागच्या दारानं लुकोंग.
सोबत दोघे, गळ्यात ताईत,
गोळी लागत नाही म्हणे त्यानं.
निळं-पांढरं कापड माझ्यापुढे टाकून म्हणाला,
मावशी, पट्टे सरळ आले पाहिजेत. वीसच्या आत.
त्यांचा सण आपला नाही.
मग आपला कोणता रे?
एक ऑक्टोबर.

याच एक ऑक्टोबरला याचा आजोबा, पा तांगवा,
ताडीच्या दुकानात बसून दर वर्षी शिव्या घालायचा.
त्या दिवशी आपल्याला नांदायला पाठवलं, म्हणायचा,
दागिन्यांसकट,
आणि पुढे एका वीस मेला
माहेरचं नावही पुसलं.
आता नातू त्याच तारखेला जन्मदिवस म्हणतो.
मी काही बोलले नाही. सुई ओवत होते.

दिवसा तारा, रात्री पट्टे.
मशीन एक, बॉबिन एक.
पांढरा दोरा संपला
आणि बामेंडाहून गाडीच नाही,
तेव्हा निळ्या-पांढऱ्याची कड मी
हिरव्यानं दुमडली,
त्या दुसऱ्या झेंड्यातून उरलेल्या हिरव्यानं.
लुकोंगनं कापड उलटं करून पाहिलं.
पाहिलं त्यानं, मला माहीत आहे.
अंगठ्यानं कड चाचपली,
लहानपणी नवा गणवेश चाचपायचा तशी,
आणि पैसे ठेवून गेला. जरा जास्तच.

वीसला बारीक पाऊस.
मंचावर खुर्च्या चाळीस, माणसं सात.
ट्रकमधून आणलेली मुलं
हात हलवत एकदा गेली,
मागच्या गल्लीतून वळून तीच पुन्हा आली,
गर्दी दिसावी म्हणून.
पुलाजवळच्या निलगिरीवर दुसरा झेंडा,
ओला, सालीला चिकटलेला.
दहाच्या सुमाराला एक आवाज.
मग पुष्कळ आवाज.
मग नुसती कुत्री.

शिपायाकडे शिलाई राहिली होती माझी.
तो परत दिसला नाही.

दोन दिवसांनी क्लेमेंशिया आली.
रडली नाही. बस म्हटलं तर बसलीही नाही.
पांढरा सदरा हवा, म्हणाली, लुकोंगला,
उद्या पहाटेपर्यंत.
माप घ्यायला कुणाला जवळ जाऊ देत नाहीत.

मी जुनी वही काढली.
पान सापडलं, कोपरा उंदरानं खाल्लेलं:
लुकोंग, पाचवी, छाती सव्वीस,
खांदा बारा, बाही चौदा.
बाजूला माझंच अक्षर:
दोन इंच माया सोडणे. पोर वाढतंय.

किती वाढला होता गं?
क्लेमेंशियानं दोन्ही हात हवेत धरले,
खांद्याएवढे,
थांबली,
आणि आणखी थोडे लांब नेले.
मी त्या दोन हातांमध्ये टेप धरली.
अठरा.

पांढरा दोरा अजून आला नव्हता.