पेटीत पेटी

जुना संगणक जानेवारीत गेला.
आधी वास आला, जळक्या केसांसारखा,
मग पंखा थांबला, आणि खोलीत इतकं शांत झालं
की पेत्सा डोंगरावर बर्फ घसरलेलं ऐकू यावं.

त्यात माझ्या माश्या होत्या.
म्हणजे माश्यांचा हिशेब, सत्त्याण्णव सालापासूनचा:
कुठल्या पेटीत कुठली राणी, कुणाची लेक,
किती किलो मध, कुठला हिवाळा निभावला नाही.
सहकारी संस्थेने फ्लॉपीवर दिलेला प्रोग्रॅम.
तो लिहिणारा द्रागोतिन आता नाही.
डिस्क वाचली, पण नव्या लॅपटॉपने
तिच्यातल्या प्रोग्रॅमला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

झार्या, शेजारच्या कुमरांची नात,
मारिबोरहून फोनवर म्हणाली,
"ओझ्बाल्तकाका, आत दुसरा बांधा."
"कशाच्या आत?"
"संगणकाच्या आत संगणक. लाकूड लागत नाही."

उतरवलं. पुढे, पुढे, मान्य, पुढे.
एक खिडकी उघडली, म्हणाली नाव ठेवा.
नावं ठेवण्यात माझा हात कोण धरेल,
बायको असती तर तिने साक्ष दिली असती.
मी लिहिलं: सात नंबर.
बाहेर माझ्या सात नंबरच्या फळीवर चित्र आहे,
जनावरं शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढतात.

मग विचारलं, पाहुण्याला मेमरी किती?
हिरवी पट्टी, पुढे लाल, मधे सरकती खूण.
मी ती हावरटासारखी लालपर्यंत नेली.
"सगळं त्यालाच दिलंत तर घरधनी उपाशी मरेल,"
झार्या ओरडली,
"आणि मग पाहुणा राहील कुठे?"
हे मला कुणी सांगायला नको होतं.
शरदात किती मध काढायचा, किती ठेवायचा,
याच सरकत्या खुणेवर चाळीस वर्षं गेली
आणि दोनदा चुकलो.
खूण मागे आणली. दोनशे छप्पन्न. चिमूटभर.

सुरू केलं. काळा पडदा.
त्यावर एक पांढरी ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.
चौकटी आहेत, झाकण आहे, माश्या नाहीत.
"सीडी घातलीत का?"
"कुठे घालू? याला भोकच नाही."
"सीडीची फाईल, काका. खोटी सीडी, खोट्या भोकात."
मला वाटलं पोरगी चेष्टा करते. नव्हती करत.

तिसऱ्या तासाला, लिंडनचा चहा दोनदा गार झाल्यावर,
तो जुना सूर वाजला.
खिडकीएवढ्या चौकटीत तेच हिरवट निळं रान,
खाली तीच राखाडी पट्टी.
बिचाऱ्याला माहीतच नाही की तो पेटीत आहे.
समजतो, टेबल त्याचं, भिंत त्याची, मीही त्याचाच.

प्रोग्रॅम उघडला. पेटी तीन, दोन हजार चार, मे:
"राणी लंगडी. चालेल."
माझेच शब्द. माझा तेव्हाचा आत्मविश्वास.
त्या लंगडीच्या लेकींनी पुढली अकरा वर्षं
अख्खं माशीघर भरून टाकलं.

नंतर बाण आत अडकला.
बाहेर यायला तयार नाही, काचेच्या आतल्या
माशीसारखा कडेकडेने फिरतोय, आपटतोय.
"उजवीकडची कंट्रोल कळ दाबा," झार्या म्हणाली.
हाताशीच होती.
मी म्हटलं, "थांब जरा."
आणि खाली खाली वाचत गेलो.

रात्री खिडकी बंद करायला गेलो तर तिने विचारलं:
स्थिती जपून ठेवू, की वीज तोडू?
जपून ठेव, म्हटलं. एक पट्टी भरत गेली,
पाहुणा वाक्याच्या मधेच गोठला.

टॉर्च घेऊन माशीघरात गेलो.
बोटाच्या पेराने एकेक पेटी ठोठावली.
एक, दोन, मंद गुणगुण.
तीन... कान लावला.
टोपी काढून पुन्हा लावला.