पेवात सोडलेला कंदील

हरिपूरच्या माडीवर चार दिवस झाले
तीन बाय चारचा कॅनव्हास भिंतीला टेकून उभा आहे.
जेसोचा हात दिला, वाळल्यावर घासला,
दुसरा दिला, घासला, मग तिसरा.
तिसऱ्याची काही गरज नव्हती.

मगदूम सर म्हणायचे,
पहिली रेघ पुसण्यासाठीच काढावी,
म्हणजे तिचं ओझं राहत नाही.
मी तसंही करून पाहिलं.
पुसलेली रेघ
पुसली म्हणूनच जास्त दिसते.

गणपती पेठेत दस्तगीर पेंटरला हा प्रश्नच नव्हता.
हळदीत घोळलेला दोरा दोन खिळ्यांना ताणायचा,
मधोमध चिमटीत धरून सोडायचा. टण्ण.
पत्र्यावर पिवळी, सुतासारखी.
"ही माझी नव्हं, दोऱ्याची,"
असं म्हणून बिडी विझवायचा
आणि 'किराणा व भुसार'मधल्या 'कि'ची वेलांटी वळवायला घ्यायचा.
माझे दोन खिळे कुठं ठोकायचे
तेच तर मला ठाऊक नाही.

काल रात्री आठवलं ते भलतंच.
मामाचं पेव होतं इथं, वीसेक फूट खोल,
पुरात गेलं ते.
तोंडावरची माती काढून फरशी सरकवली
की सगळे मागं सरायचे.
आम्हा पोरांना तर कोणी जवळ फिरकू देत नसे.
पेव उघडं टाकून माणसं तंबाखू मळत बसायची,
ऊन पार डोक्यावर येईपर्यंत.
मग मामा दोरीनं कंदील आत सोडायचा,
हात-हात करत,
आणि काठाशी पालथा पडून बघत राहायचा.
हळद किती, रंग कसा, कीड लागली का,
त्यातलं काही नाही.
नुसतं, जळतंय का.
विझला तर वर ओढायचा, काच पुसायचा,
"दम धरा वाईच," म्हणायचा.
कंदील वाया गेला असं म्हटलेलं
मी कधी ऐकलं नाही.

आज सकाळी पिवळ्या मातीचा एक ठिपका
खाली डावीकडं लावला, नखाएवढा,
जिथं बहुधा चित्रातलं काहीच येणार नाही.
मागं सरले, पार दारापर्यंत.
पांढऱ्यानं त्याला गिळलं नाही.
थरथरला थोडा,
किंवा मीच.

खालून वहिनीनं चहाला हाक मारली.
आलेच, म्हटलं,
आणि दोरी आणखी हातभर सोडली.