पऱ्हाटीचे काप

पारव्याच्या फाट्यावर माझं दुकान.
चार्जर, कव्हर, फुटक्या काचा,
आणि एका बरणीत वाटोळ्या पांढऱ्या चकत्या,
रुपयाएवढ्या, पोस्टकार्डाहून जरा जाड.
सेल नाही, वायर नाही.
फोन टेकला की त्याच्याच उसन्या ताकदीवर
पोटातली एक ओळ सांगतात,
पुन्हा गप्प.

नागपूरहून शंभर आणल्या होत्या.
तीन महिन्यांत नऊ खपल्या.
एक इंगोलेच्या मोटारीच्या लाकडी फळीवर:
वायंडिंग कधी केलं, कोणी केलं, किती घेतले.
एक माझ्याच उशाशी. निजताना फोन टेकवतो,
नेट बंद, गजर पाचचा.
बाकी लोक बरणी हलवून विचारत,
याच्यानं रिचार्ज होते का?

मग पंचफुलाबाई मेश्राम आल्या,
हातात लेकाचा जुना फोन.
"मोतीबिंदू नोहे म्हन्ते डाक्टर,
आतला पडदाच गेला.
परवा चहात मीठ पडलं, पाव्हन्यानं मुकाट्यानं पेलं.
तुह्या बरनीतलं काई कामाचं हाय का?"

गेलो घरी. फळीवर सतरा डबे, सगळे स्टीलचे,
लग्नातले, नावं कोरलेले,
बोटानं वाचता येतील, पण नावं सगळी देणाऱ्यांची.
चकती डब्याला लावली, फोन टेकवला.
काहीच नाही.
धातूवर मुकी होते, हे मला ठाऊक होतं
आणि मी विसरलो होतो.

मधे काहीतरी पाहिजे, बोटभर जाडीचं.
मी म्हटलं, चपलेचा रबर कापू.
"पिठाच्या डब्याले चप्पल?"
त्यांनी फोन माझ्या हातून काढूनच घेतला.
मग मागच्या अंगणातून त्यांनीच ओढून आणली
सरपणातली पऱ्हाटी, बुडाकडची जाड.
करवतीनं सतरा काप काढले.
काप डब्याला, कापावर चकती.
फोन टेकवला.
"तूर डाळ," फोन म्हणाला.

"हे कोन बाई व्हय?"
मशीनचा आवाज आहे, मी म्हटलं.
"पुन्याची दिसते. माह्या घरात मले सांगनारी
हे कोन?"

म्हणून दुपारभर बसलो, त्यांचाच आवाज भरत.
तूर: "आपल्या वावरातली हाय, दोन शिट्ट्या जास्त दे."
तिखट: "हात धुतल्याबिगर डोये चोयू नोको."
गूळ: "इकडं कायले आली, पंचफुला? साखर वाढली ना तुही."
गोळ्यांच्या डबीला त्या कितीतरी वेळ गप्प राहिल्या,
मग हळूच:
"सकायची. जेवून घे."

शेवटी विचारलं, कुलूप लावू का?
लावलं की आतलं कोणालाच बदलता येत नाही.
"नोको बाप्पा. आज तूर हाय, उद्या मूग राहीन.
डबा थोडीच कायमचा कशाचा असते?"

पंधरा दिवसांनी नातवंडं आली बुटीबोरीहून.
झाकणांची अदलाबदल केली कार्ट्यांनी.
मीठ म्हणालं मी साखर, साखर म्हणाली मी मीठ.
मला फोन आला. मी म्हटलं, येतो, सगळं नीट करतो.
"कायले येतं? बोट लावून चाटून पाह्यलं.
ते जुनं हाय ना, ते चालते अजून."

पैसे त्यांनी अर्धे दिले, अर्ध्याची डाळ.
आता बरणीत बाहत्तर उरल्यात. इंगोलेनं आणखी एक नेली,
गाईच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्याला,
टोचणीच्या तारखा ठेवायला.

एक मात्र मी विकत नाही.
काउंटरच्या फळीवर चिकटवली आहे.
त्या दिवशी पहिलं रेकॉर्डिंग बिघडलं,
पुसायचं राहिलं, मग पुसलंच नाही.
कोणी विचारलं, हे करते तरी काय,
मी फोन टेकवतो.
आत भांडं पडल्याचा आवाज,
कोंबडीला हाड् म्हटल्याचा,
आणि मग अगदी जवळून:
"चालू झालं का रे?
... नाई झालं वाट्टे."