दुसरा आकडा

एकतीस वर्षं मी बेराक्रूसच्या बंदरावर पाव विकले.
आधी भाजायचे, मग परात डोक्यावर.
शिंपल्याच्या नक्षीचे कोंचा, वर साखरेचा पापुद्रा,
आणि उरलेले दोन नेहमी माझ्या पोटात.
कोण मोजतंय?

आता मोजते.
नातवाची चौकटींची वही आहे, गणिताची.
पुढून अदान गुणाकार करतो,
मी मागच्या पानापासून आकडे लिहीत येते.
मध्ये कुठेतरी भेटू.

जेवणाआधी एकशे अठरा.
कोंचा, दुधाची कॉफी, आणि तासाभराने
दोनशे सत्तेचाळीस.
यंत्र खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं,
जसा काही उजेडात तो आकडा लाजून खाली उतरेल.
त्या दिवशी वही उघडलीच नाही.
दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद लिहिले,
मग गिरवून गिरवून नऊचे चार केले.
पेन काही बोललं नाही.

दवाखान्यातली ओब्दुलिया मात्र बोलली.
माझी बोटं उलटी करून टोचल्याचे ठिपके मोजले तिने.
"एर्मेलिंदा, बोटांवर इतकं, मग वहीत एवढंच?"
मी छताकडे बघत राहिले.
"पीठ फुगलं म्हणून त्याच्यावर कधी रागावलीस?
फुगणारच ते.
किती फुगतं, कधी बसतं, तेवढं बघायचं.
पहिल्या घासापासून दोन तास धर.
जेवणाआधीचा एक आकडा, नंतरचा दुसरा.
एकट्या आकड्याला काही विचारू नकोस,
तो अर्धीच गोष्ट सांगतो."

मग पहाटेचं काय?
रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही,
आणि उठल्याबरोबर एकशे अडुसष्ट!
रात्री माझ्या तोंडाने कोण जेवून गेलं?
ती हसली. "भट्टी कोण पेटवायचं तुमच्याकडे?"
फाउस्तिनो. पहाटे तीनला.
"गिऱ्हाईक यायच्या आधीच ना?
तुझं यकृतही तसंच. तू जागी होण्याआधी
साखर बाहेर काढून ठेवतं."
तेव्हापासून सकाळी पोटावर हात ठेवून म्हणते,
फाउस्तिनो, जरा बेतानं.

मग मी आपल्याच ताटाची पोलीस झाले.
आधी काळा घेवडा, निवडुंगाची भाजी, अंडं,
सगळ्यात शेवटी एक तोर्तिया:
एकशे सव्वीसवरून एकशे एकाहत्तर.
आधी तोर्तिया, तीही भुकेने पाठोपाठ तीन,
तर ते आकडे इथे सांगत नाही.
आणि एके दिवशी ताट तेच, क्रम तोच,
तरी दोनशे तीन.
त्या दुपारी मुलाशी भांडले होते,
घर विकायच्या गोष्टीवरून.
वहीत "जेवण" असा रकाना होता,
मी शेजारी "रामिरो" असा आखला.

संध्याकाळी चौकात दानसोनचा बँड बसतो.
जेवण झालं की दोन क्रिसोफोरो येतात,
जकातीतले जुने कारकून, बूट आरशासारखे.
दानसोनची गंमत अशी,
नाचता नाचता एका जागी थांबायचं असतं.
जोडपी उभी, बायका पंखा हलवतात,
सूर आपला चालूच.
त्या थांब्यात मी पोटातल्या पिठाचा विचार करते.
आत काहीतरी बसत असेल, हळूहळू,
पाय पुन्हा निघायच्या आत.
चार नाच झाले, घरी आले, बोट टोचलं:
एकशे शेहेचाळीस.
विश्वास बसेना, म्हणून दुसरं बोट.
एकशे एकोणपन्नास. म्हणजे खरंच.

काल अदानची आणि माझी पानं
शेवटी एकमेकांना येऊन भिडली.
वजाबाकीचा सराव म्हणून
त्याने माझे आकडे घेतले,
दुसऱ्यातून पहिला वजा. पंचेचाळीस, बरोबर. एकवीस, बरोबर.
मग जुन्या पानावर, गिरवलेल्या शाईवर बोट ठेवून त्याने विचारलं,
"आजी, हा नऊ आहे की चार?"

कॉफी गार होत होती. बिनसाखरेची.
"नऊ," मी म्हटलं.