दिवस बुडायच्या आत

मला सँडविच त्रिकोणीच लागतं.
चौकोनी कापलं की चव बदलते,
हे मी कुणाला पटवू शकत नाही
आणि पटवायला जातही नाही.

पाव कालचा हवा.
ताजा पाव चटणी पितो आणि ढेपाळतो,
कालचा जरा तग धरतो.
लोणी कडेपर्यंत. कडेपर्यंत म्हणजे कडेपर्यंत,
मधोमध एक बोट फिरवून मोकळी होणारी माणसं
मला ओळखीची आहेत, आवडीची नाहीत.

आत काय, याबाबत मात्र मी फितूर होत आले.
शाळेत होते तेव्हा लोणी-साखर,
दाढेखाली करकर वाजणारी.
मग उकडलेला बटाटा, वर बीट,
बीटाशेजारी काकडीसुद्धा
दोन मिनिटांत स्वतःला बीट समजू लागते.
मिरज स्टेशनवर एकदा नुसता कांदा आणि मीठ,
गाडी हलली होती, अजून आठवतं.
भडंग भरून पाहिलं, सांगलीत राहून
कधी ना कधी प्रत्येक जण भरून पाहतो:
पहिले दोन घास कुरकुरीत,
तिसऱ्यापासून पश्चात्ताप.
भाकरीत खर्डा घालून मुडपली
की तेही सँडविचच, असं आमचे शेठ म्हणतात.
नाही.
भाकरीला तिचं नाव आहे.

बावीस वर्षं हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते.
नखांच्या कडा पिवळ्या त्या पिवळ्याच.
पांढऱ्या पावावर माझे ठसे उमटतात,
बँकेत अंगठा द्यावा तसे.

शेजारच्या टेबलावर सुनंदा चौगुले.
जमिनीखालचं काही चालायचं नाही तिला,
बटाटा नाही, बीट नाही, कांद्याचं तर नावच नको.
"आणि हळद गं? ती काय झाडाला लागते?"
"वाळलेली चालते," म्हणायची,
आणि पोत्यांची बेरीज न चुकता पुढे.

यार्डाच्या गेटाशी दस्तगीरमामांची गाडी.
ते तिच्यासाठी कच्ची केळी उकडून आणायचे,
डबा वेगळा, सुरी वेगळी,
सुरीच्या मुठीला हिरवा दोरा.
लोण्याऐवजी तूप. वर मिरपूड, लिंबू.
चातुर्मासात कोथिंबीर बंद,
तर मामांनी आपणहून डाळ्याची चटणी काढली.
कुणी सांगितलं नव्हतं.

मी एकदा तिच्यातलं अर्धं खाल्लं
आणि बटाट्याशी माझं बिनसलं ते बिनसलंच.
उकडलेलं कच्चं केळं जिभेवर हट्ट करत नाही,
मिठाला वाट देतं, मागे जरासा तुरटपणा ठेवतं,
कमी बोलणाऱ्या माणसासारखा.

पौषात दिवस तोकडा. लिलाव लांबायचा.
आम्ही पदर खोचून गेटाकडे पळायचो,
"मामा, सूर्य बघा!"
मामा सूर्याकडे नाही, पावाकडे बघायचे,
तिघांत त्यांचाच हात तेवढा शांत.
गोदामाच्या पत्र्यावर उन्हाची एक रेघ,
रेघ आहे तोवर चावायचं.
एकदा रेघ गेली
आणि तिच्या हातात एक त्रिकोण उरला.
तिनं तो माझ्या कागदावर ठेवला,
पदराला बोटं पुसली,
आणि मला म्हणाली, "खा, गार होतंय."

गेल्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली,
इचलकरंजीला लेकीकडे असते.
फोनवर सांगते, जावई टोस्टर घेऊन आलाय,
पण सगळं चौकोनी निघतं त्यातून.

आता मला घाई नाही.
सातला जाते, बल्बखाली उभी राहते.
"आज तरी बटाटा?" मामा विचारतात.
"केळं आहे का?"
असतं. रोज दोनच उकडतात,
दुसरं कुणासाठी ते मी विचारत नाही.
हिरवा दोरा काळा पडलाय.
कागद उलगडते, त्रिकोण उचलते,
आणि तोंडाशी नेण्याआधी
मान आपोआप पत्र्याकडे वळते.

काळोख असतो तिथं.
मी खाते.